जुन्या मारुतीचे सुटे भाग

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. घडण जपानच्या सुझुकीची. १९८६ साली तिचे रूप पालटले, २०१४ साली उत्पादन थांबले. मग यवतमाळच्या मालकाने १९८४ ची गाडी चालवावी कशी?

इंजिनाची फारशी चिंता नको. त्याच जातीचे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे इंजिन २०१९ पर्यंत निघणाऱ्या ओम्नीतही होते. त्याचे बरेच भाग जुळतात. अडते ते पत्रा, काच व दिवे यांपाशी. ते पहिल्या घडणीचेच लागतात. म्हणून जुना तुकडा सोबत न्यावा, चासी नंबर सांगावा, भंगारातली गाडीही धुंडाळावी.

पण कोणता भाग कुठे बसेल, हे मिस्त्रीचा हातच जाणतो. म्हणून आम्ही म्हणतो, भागाची किंमत निमूट मोजणाऱ्याने त्या हाताच्या मजुरीवर घासाघीस करू नये. तो हात धंदा सोडून गेला, तर मिळालेला भागही भंगारच!