वाघ्या ओट्यावर, पिल्लू गच्चीवर

गावकुत्र्यांच्या माद्या आपल्याकडे बहुधा वर्षातून एकदाच वितात, तेही हिवाळ्याच्या सुमाराला. त्यामुळे कापूस वेचणीच्या दिवसांत एरंडोलच्या शेतशिवारातून एखादं पोर शर्टाच्या आत पिल्लू दडवून घरी येतं. ओट्यावर घरचा जुना कुत्रा वाघ्या आधीच बसलेला असतो. मग घरातले एकेक सल्ले सुरू होतात आणि त्यातले निम्मे चुकीचे असतात.

पहिला सल्ला आजीचा: "कुत्र्यात कुत्रं मिसळतंच." मिसळतं, पण ओट्यावरच गाठ घालून दिली तर सहजी नाही. वाघ्याच्या लेखी ओटा त्याचा आहे आणि पिल्लू परकं. पहिली भेट दोघांच्याही मालकीची नसलेल्या जागी व्हावी, हे खरं. परदेशी पुस्तकं त्यासाठी सार्वजनिक बाग सुचवतात, तिथे मात्र आपण सावध राहावं. अंजनी नदीकाठी किंवा बाजाराच्या जागेत मोकाट कुत्र्यांची विष्ठा पडलेली असते आणि लस न झालेल्या पिल्लाला तिथून पार्वो हा विषाणूजन्य आजार जडू शकतो. शेजाऱ्यांची गच्ची किंवा धाबं उत्तम, कारण तिथे गावकुत्री चढत नाहीत. वेळ संध्याकाळची धरा. खान्देशातल्या उन्हात तापलेल्या स्लॅबवर माणसाचेही पाय भाजतात. आदल्या दिवशी पिल्लाचं गोणपाट वाघ्याला हुंगू द्यावं. भेटीत पिल्लू कडेवर उचलून धरू नये, त्याने मोठं कुत्रं उड्या मारायला लागतं.

"वाघ्याला साखळीने बांधा, म्हणजे भीती नाही." उलट भीती वाढते. बांधलेल्या कुत्र्याला नको असलं तरी उठून दूर जाता येत नाही. पिल्लू अंगावर चढतच राहिलं, तर त्याच्याकडे दातच उरतात. भेटीपुरता पट्टा हातात सैल धरावा. घरात मात्र उंबऱ्यात आडवी फळी लावावी: वाघ्या ओलांडून जाईल, पिल्लू नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसातले काही तास पिल्लाशिवाय मिळालेच पाहिजेत.

"गुरगुरला की एक फटका द्या." हा सगळ्यांत घातक सल्ला. गुरगुरणं म्हणजे 'आता पुरे' असं सांगणं. मारून ते बंद केलं की राग तसाच राहतो, फक्त इशारा जातो, आणि पुढच्या वेळी कुत्रं थेट चावतं. गुरगुर ऐकली की पिल्लाला बाजूला घ्या, एवढंच. अंग ताठ, नजर रोखलेली, तोंड घट्ट मिटलेलं असेल, तर गुरगुरण्याचीही वाट पाहू नका. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, हाही भ्रमच. ताठ उभारलेली शेपटी थरथरत हलते, तेव्हा ती तणावाची असते.

"दोघांना एका ताटलीत भाकरी द्या, मैत्री होईल." भांडण होईल. घरातली बरीच भांडणं अन्न, हाडूक, झोपायची जागा आणि माणसाची मांडी यांवरून होतात. ताटल्या लांब, शक्यतो वेगळ्या खोल्यांत ठेवाव्यात.

'टोळीचा म्होरक्या कोण ते त्यांना ठरवू द्या' हे तर विज्ञानाच्या नावावर खपतं. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली बंदिस्त लांडग्यांचं जे निरीक्षण मांडलं, त्यातून ही कल्पना पसरली. पुढे ती लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातली टोळी म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. दोन महिन्यांच्या पिल्लाला मोठ्या कुत्र्यासमोर 'ठरवायला' सोडणं म्हणजे निव्वळ निष्काळजीपणा.

"वाघ्याला लस टोचलीय, पिल्लू घराबाहेर जात नाही, मग घाई कशाला?" पार्वोचा विषाणू चपलेला आणि कुत्र्याच्या पायांना चिकटून घरात येतो, मातीत महिनोन्महिने टिकतो. फिनाइलने तो मरेलच असं नाही. फरशीवर पातळ केलेलं ब्लीच चालतं, पण शेणाने सारवलेल्या अंगणात तेही निकामी ठरतं. म्हणून लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने द्यावी लागते. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या डोसांना निष्प्रभ करू शकते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी. कुठून आलं ते माहीत नसलेलं पिल्लू आधी पशुवैद्यांना दाखवावं आणि वाघ्यापासून काही दिवस वेगळं ठेवावं.

आणि "पिल्लू चावलं तर दुधाचेच दात, त्याने काय होतं?" रेबीज पिल्लांनाही होतो. रक्त निघालं असो वा नुसता ओरखडा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं. हळद-चुना लावत बसू नये.