तीन टाक्यांचा हिशेब

ॲरिझोनातल्या क्वार्टझाइट गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचं माळरान आहे. हिवाळ्यात तिथे हजारो आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, येऊन उभी राहतात. जमीन अमेरिकेच्या केंद्र सरकारची. ती सांभाळतं ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं. परवाना घेतला की सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत इथे राहता येतं. मात्र गाडी लावाल त्या जागी ना वीज, ना नळ, ना गटार. पायाखाली काळपट खडी आणि मधूनमधून क्रिओसोटची झुडपं. कोलोराडो नदी आहे, पण ती पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर. तेव्हा येताना भरून आणलेलं पाणीच वापरायचं, आणि वापरलेलंही गाडीतच साठवून ठेवायचं.

त्यासाठी फरशीखाली तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी करड्या पाण्याची, तिच्यात मोरीचं आणि अंघोळीचं सांडपाणी जातं. तिसरी काळी, फक्त संडासाची. आमच्या गाडीत चांगलं पाणी साधारण १९० लिटर मावतं, करडं १५० आणि काळं ११५. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबाने इथला माणूस घरी दिवसाला सरासरी ८२ गॅलन, म्हणजे ३१० लिटर पाणी वापरतो. आमची भरलेली टाकी त्याला एक दिवसही पुरायची नाही. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी १३५ लिटर धरतात. ते धरलं तरी आम्हा तिघांना दुपारपर्यंतच पुरेल.

तरीही सवय झाली की हीच टाकी आठवडाभर चालवता येते. नवखे लोक फक्त चांगल्या पाण्याकडे लक्ष ठेवतात. त्यांचा मुक्काम मात्र बहुतेक वेळा करड्या टाकीमुळे संपतो, कारण बाहेरून डबे भरून आणून गाडीत ओतता येतात, पण करडी टाकी भरली की सांडपाणी न्हाणीच्या जाळीतून वर यायला लागतं. म्हणून या घरात लिटर दोनदा मोजावा लागतो: नळातून येताना आणि मोरीतून जाताना.

स्वयंपाकघरात हे फार चटकन लक्षात येतं. आपला स्वयंपाक म्हणजे फोडणी, तूप, हळद, डाळ. थंडीच्या रात्री टाकीच्या भिंतींवर तूप थिजतं, त्यात भाताची शितं अडकतात, आणि दोन उन्हं लागली की जो वास सुटतो तो काळ्या टाकीलाही मागे टाकतो. यावर औषध शोधण्यापेक्षा अन्न टाकीत जाऊच न देणं चांगलं. आम्ही ताटं, कढई, कुकर सगळं आधी कागदाने पुसून घेतो आणि तो कागद कचऱ्यात टाकतो. मोरीच्या तोंडावर बारीक जाळी. भांडी विसळायला नळ सोडायचा नाही: एका टबात साबणाचं कोमट पाणी, दुसऱ्यात थोडं स्वच्छ पाणी, आणि शेवटचा हात फवाऱ्याच्या बाटलीने. पुसलेल्या ताटाला पेलाभर पाणीही पुष्कळ होतं.

आई लातूरहून आली तेव्हा तिला यातलं काही शिकवावं लागलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला ५०-५० हजार लिटरच्या दहा वाघिणी होत्या. त्या उन्हाळ्यात तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला आणि कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात, हा तिचा रोजचा क्रम होता. इथे आल्यावर पहिल्याच सकाळी तिने मला नळापाशी थांबवलं. "अगं, गरम पाणी यायच्या आधीचं सोडून देऊ नकोस. डबा लाव." गीझरपासून न्हाणीपर्यंतच्या नळीत थंड पाणी साचलेलं असतं. गरम धार येईपर्यंत दोन-तीन लिटर सहज वाहून जातात. ते स्वच्छच असतं. आता त्याचा डबा भरून संडासाशेजारी ठेवलेला असतो.

अंघोळीचा विचारही मिनिटांत करायचा. इथे बाजारात मिळणाऱ्या शॉवरला केंद्र सरकारची मर्यादा आहे मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटर. आरव्हीच्या शॉवरमधून त्याहून कमी येतं, आणि दांड्यावर धार थांबवायचं बटण असतं. अंग ओलं करायचं, धार थांबवायची, साबण लावायचा, पुन्हा सुरू करून धुवायचं. बटण दाबल्यावरही थेंब-थेंब पाणी गळत राहतं. तो बिघाड नव्हे. नळीतलं गरम आणि थंड यांचं मिश्रण टिकून राहावं आणि पुन्हा सुरू करताना अंग भाजू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. दोन मिनिटं धार चालली की अंघोळ होते. आईला तेही पटत नाही. ती छोटी बादली आणि तांब्या घेते, आणि खरं सांगायचं तर तिचा हिशेब आमच्या शॉवरपेक्षा चोख आहे.

आता काळी टाकी. इथे मात्र काटकसरीचा नियम उलटा होतो, आणि हे मला सगळ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं. पाणी वाचवायच्या नादात लोक संडासाचं पेडल जेमतेम दाबतात. आरव्हीच्या संडासाखाली घरातल्यासारखी वळणाची नळी नसते, मैला सरळ खाली टाकीत पडतो. पाणी कमी असेल तर तो पसरत नाही. पडतो तिथेच साचतो, कागद त्याला धरून ठेवतो, आणि बरोबर नळीच्या तोंडाखाली ढीग तयार होतो. सुकला की दगडासारखा घट्ट. मग बाहेरचा वॉल्व्ह कितीही उघडा, द्रव निघून जातो आणि ढीग जागचा हलत नाही. कॅम्पग्राउंडवर गटाराची जोडणी असली की काही जण काळ्या टाकीचा वॉल्व्ह कायम उघडा ठेवतात. त्याचाही परिणाम हाच. वॉल्व्ह बंदच ठेवायचा आणि टाकी दोन-तृतीयांश तरी भरू द्यायची, म्हणजे सोडताना जोर मिळतो आणि सगळं एकदम वाहून जातं.

आपली पाण्याने धुण्याची सवय या टाकीला मानवते. कागद कमी जातो, पाणी जास्त. नळाखाली भरून ठेवलेला तो डबा इथे कामाला येतो. टाकीत काय स्थिती आहे ते सांगणारे दिवे असतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. सेन्सरला कागदाचा तुकडा चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. वासाचं म्हणाल तर टाकीची हवा छतावरच्या नळीतून बाहेर जाते. छतातला पंखा हवा बाहेर ओढत असताना पेडल दाबलं, तर तीच हवा संडासातून घरात येते. म्हणून आधी पंखा बंद करायचा आणि भांड्यात तळाशी नेहमी थोडं पाणी राहू द्यायचं. फॉर्मल्डिहाइडची औषधं मात्र टाळावीत. ती वास दाबतात, पण पुढे ज्या सेप्टिक टाकीत हे सगळं जातं तिथले मैला कुजवणारे जिवाणू मारतात. एन्झाइमवाली घ्यावीत.

ला पोसाला डंप स्टेशन आहे. काँक्रीटचा उतार, मधोमध झाकणाचं भोक, बाजूला नळ. सकाळी तिथे रांग लागते. गाडीच्या टाकीचं तोंड भोकाजवळ आणायचं, हातमोजे घालायचे, तीन इंची जाड नळी पिळून घट्ट बसवायची. दुसरं टोक भोकात, आणि उसळू नये म्हणून त्यावर दगड. आधी काळ्या टाकीचा दांडा ओढायचा. नळीच्या पारदर्शक कोपरातून सगळं दिसतं: आधी गडद लोंढा, मग धार फिकी होत जाते, गुरगुर कमी होते. ती थांबली की वॉल्व्ह बंद करून वरून संडासात बादलीभर पाणी ओतायचं आणि पुन्हा सोडायचं. कोपरातून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे चालतं. मग करडी टाकी. तिच्या साबणाच्या पाण्याने नळी आतून धुऊन निघते, म्हणून करडं पाणी आधी सोडून द्यायचं नसतं.

त्या रांगेत निवृत्त डॉक्टर असतात, शिक्षक असतात, ट्रक चालवणारे असतात. सगळ्यांच्या हातात हातमोजे आणि स्वतःच्या घरचा मैला. हे मला फार मोलाचं वाटतं. हाताने मैला उचलायला लावण्यावर आपल्याकडे १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायद्याने बंदी आली. तरीही सेप्टिक टाकीत उतरलेली माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या येतच असतात. वर फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ती टाकी कधी उघडून पाहिलेलीही नसते. किती कागद, किती पाणी, कुठलं रसायन आपण खाली सोडतो, हे कोपरातून एकदा पाहिलं की माणूस संडास वेगळ्या रीतीने वापरायला लागतो.

नळी काढतानाही घाई नको. गाडीकडचं टोक उंच धरून भोकाकडे चालत जायचं, म्हणजे आतला शेवटचा थेंबही खाली जातो. मग जवळच्या नळाने नळी आणि काँक्रीट धुवायचं, मागच्या माणसाला ओटा स्वच्छ मिळाला पाहिजे. त्या नळाचं पाणी पिण्याचं नसतं, तशी पाटीच असते. पिण्याचा नळ वेगळा असतो. त्याला लावायची नळीही वेगळी, पांढरी, आणि तिचा डबाही गाडीच्या दुसऱ्या बाजूला. हातमोजे टाकून, हात धुऊन, मगच तिला हात लावायचा. नळाचं तोंड ब्लीचच्या फडक्याने पुसून घ्यायचं, कारण आधीच्या कोणी त्याला काय लावलं असेल ते आपल्याला माहीत नसतं.

चांगली टाकी भरत असताना मी आत जाऊन रिकाम्या काळ्या टाकीत पंधरा-वीस लिटर पाणी आणि एन्झाइम घालते. १९० लिटरमधून इतकं देताना आईसुद्धा कुरकुरत नाही. परतीच्या खडबडीत रस्त्यावर ते पाणी आत हिंदकळत राहतं आणि तळ भिजलेला राहतो.