जव्हारचे वैमानिक राजे, आणि सरावातलं मरण

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा करत जव्हारला गेला असाल, तर जयविलास राजवाडा पाहिला असेलच. जव्हार संस्थानचे शेवटचे राजे म्हणजे यशवंतराव मार्तंडराव मुकणे. १९३८ साली राज्यकारभार हातात आला आणि दुसऱ्या महायुद्धात हे हवाई दलात गेले. हुद्दा फ्लाइट लेफ्टनंट. गादीवरचा माणूस विमानात बसला, म्हणून लोक हे कौतुकाने सांगतात. मला त्यातला धोका जास्त दिसतो. आणि तो धोका फक्त शत्रूच्या गोळीचा नव्हता बरं का.

आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी १९३३ च्या एप्रिलमध्ये कराचीला उभी राहिली. त्याच वर्षी पहिल्या पाच भारतीय वैमानिकांपैकी दोघं वापिती विमानाच्या अपघातात गेले. युद्ध तर अजून सहा वर्षं लांब होतं!

मग शिकताना माणूस मरतो कसा? युद्धकाळात सुरुवात टायगर मॉथवर व्हायची. १३० अश्वशक्तीचं इंजिन, दोन उघड्या खुर्च्या, चूक झाली तर सावरायला गुरुजी सोबत. मग हार्वर्ड, जवळपास ६०० अश्वशक्तीचं. याची चाकं पोटात जातात, उतरताना ती आठवणीने बाहेर काढायची. पुढे लढाऊ विमान, म्हणजे हरिकेन. हजारावर अश्वशक्ती आणि खुर्ची एकच. म्हणजे या विमानातलं तुमचं पहिलंच उड्डाण एकट्याने. हे ऐकून माझ्या तर पोटात गोळा येतो.

विमान वेगावर तरंगतं. वेग फार कमी झाला की पंखांचा आधार सुटतो, बहुतेकदा एक पंख आधी खाली जातो आणि विमान गिरक्या घेत पडू लागतं. उपाय आहे: नाक खाली करा, गिरकीच्या उलट बाजूचा पाय दाबा, वेग आला की सावकाश वर घ्या. पण जमीन अंगावर येताना दिसली की नवख्याचा हात दांडा मागेच ओढतो. नेमकं तेच करायचं नसतं. वर असाल तर सावरायला वेळ मिळतो, उतरतानाच्या शेवटच्या वळणावर तो नसतो.

त्यात उंचीची फसगत. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. जुहूच्या धावपट्टीवर शून्याला लावलेला उंचीमापक घेऊन तुम्ही इथे आलात, तर काटा साडेचारशे दाखवेल तेव्हा तुम्ही जव्हारच्या जमिनीवर असाल. ढगात हे विसरलात की संपलंच.

बरं, हे फक्त नवख्यांचंच असंही नाही. विंग कमांडर करुण कृष्ण ऊर्फ ‘जंबो’ मजुमदार. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातल्या टाउंगूहून संथ लायसँडर विमानांत बॉम्ब भरून यांनी थायलंडमधल्या जपानी तळावर हल्ला चढवला. पुढे १९४४ मध्ये फ्रान्सवर उड्डाणं केली. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस दोनदा मिळाला. आणि १७ फेब्रुवारी १९४५ ला लाहोरला हवाई कसरती करताना हरिकेन कोसळलं, त्यात ते गेले. समोर शत्रू नव्हता. पुढच्याच महिन्यात दलाच्या नावाआधी ‘रॉयल’ लागलं.

मुकणे मात्र सुखरूप परतले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. १९६२ साली ते भिवंडीतून लोकसभेवर निवडून गेले. १९७८ साली त्यांचं निधन झालं.