दारापुढची गाडी आणि घरातला हिशेब

पावसाळा सरला, भात घरात आले, सुपारी अंगणात वाळत पडली, की आपल्या अष्टागरात दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. एक लग्नांची आणि दुसरी गाड्यांची. लग्नाविषयी आज मी बोलणार नाही. गाडीविषयी मात्र चार गोष्टी सांगणार आहे.

चौलकडचे एक कुटुंब डोळ्यांपुढे आणा. घरधनी अठ्ठेचाळीस वर्षांचे, शाळेत नोकरीला. घरामागे नारळ-सुपारीची लहानशी वाडी. मुलगी बारावीत. आई पंचाहत्तरीच्या पुढची, गुडघ्यांनी बेजार. दारात बारा वर्षांची जुनी स्कूटर आणि पोस्टात दोन लाख रुपये. घरात संध्याकाळी बोलणे निघते.

“अहो, आईंना आता एस.टी.च्या पायऱ्या चढवत नाहीत.”

“अगं, मग गाडीच घेऊन टाकू. हप्त्यावर मिळते.”

“मिळते हो, पण हप्ता द्यायचा कुठून, ते आधी सांगा!”

बाईंचा प्रश्न रास्त आहे. पंचाहत्तर वर्षांवरील माणसांना २०२२ च्या ऑगस्टपासून एस.टी.चा प्रवास मोफत झाला, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. पण भाडे माफ झाले तरी पायऱ्या काही माफ झाल्या नाहीत. तेव्हा गरज खरी आहे. ती भागवायला स्वतःची गाडीच हवी का, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

आता हिशेबाला बसू. समजा, गाडी रस्त्यावर येईपर्यंत सात लाखांना पडते. दोन लाख पदरचे घातले आणि पाच लाख कर्ज काढले. मुदत पाच वर्षे, व्याज दहा टक्के. इथे सावध राहावे. “दहा टक्के” हे दोन तऱ्हांनी सांगतात. एका तऱ्हेत व्याज घटत्या शिल्लकेवर, म्हणजे जेवढे मुद्दल देणे उरले तेवढ्यावरच धरतात. त्या हिशेबाने महिन्याचा हप्ता सुमारे १०,६२४ रुपये येतो आणि पाच वर्षांत व्याज जाते सुमारे १,३७,००० रुपये. दुसऱ्या तऱ्हेत व्याज सरसकट, म्हणजे शेवटपर्यंत मूळच्या पाच लाखांवरच धरतात. मग हप्ता होतो १२,५०० रुपये आणि व्याज होते अडीच लाख! मुद्दल तर तुम्ही दरमहा फेडत असता, पण व्याज मात्र न फेडल्यासारखे चालू राहते. हे सरसकट दहा टक्के घटत्या शिल्लकेच्या सव्वासतरा टक्क्यांच्या बरोबरीचे आहेत. म्हणून सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : “व्याज घटत्या शिल्लकेवर की सरसकट?” आणि उत्तर कागदावर घ्या.

आपल्या कुटुंबाला घटत्या शिल्लकेचे कर्ज मिळाले असे धरू. हप्ता १०,६२४. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणे झाले, लिटरला अठरा किलोमीटर पडले आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर पेट्रोलचे २,९०० झाले. विम्याचे महिन्याकाठी १,५०० आणि देखभाल-टायरचे १,००० धरा. बेरीज सोळा हजारांवर जाते. म्हणजे किलोमीटरला बत्तीस रुपये पडले.

आता दुसरी बाजू. आजीला महिन्यातून तीनदा अलिबागला दवाखान्यात न्यायचे आहे. चौलपासून अलिबाग पंधरा-सोळा किलोमीटर. गाडी भाड्याने करून दिवसाचे १,८०० दिले, तरी तीन खेपांचे ५,४०० होतात. बाकीचे जाणे-येणे एस.टी.ने आणि दुरुस्त केलेल्या स्कूटरने, त्याचे १,६०० धरा. एकूण सात हजार. म्हणजे गाडी न घेतल्यास महिन्याला नऊ हजार वाचतात. ते पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर तीन वर्षांत व्याज सोडूनच ३,२४,००० होतात, आणि मूळचे दोन लाख जागच्या जागी राहतात.

पण म्हणून गाडी घेऊच नये असे मी म्हणत नाही. याच घरात कोणाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागत असते, तर महिन्याला तेरा खेपा झाल्या असत्या. भाड्याचेच २३,४०० झाले असते. तिथे सोळा हजारांची घरची गाडी स्वस्त पडते आणि रात्री-अपरात्री सोबतीला असते. कोणी घरगुती खाणावळ चालवतो, पाहुण्यांची ने-आण करतो. त्याची गाडी चार पैसे मिळवूनही आणते. तेव्हा शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घ्यावी, किंवा त्याने घेतली नाही म्हणून आपण थांबावे, हे दोन्ही चूक. प्रत्येक घराचा कागद वेगळा मांडावा लागतो.

कोणी म्हणतील, “अहो, गाड्या स्वस्त झाल्या ना!” खरे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला आणि वरचा उपकरही गेला. पण त्याने खरेदीची किंमत उतरली. पेट्रोल आणि मेकॅनिक यांचे पैसे काही उतरले नाहीत. दुसरे कोणी म्हणतील, “मुंबई आता जवळ आली.” तेही खरे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्या वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी जवळजवळ बावीस किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. मात्र त्या सेतूवर दुचाकीला मज्जाव आहे, आणि मोटार न्यायची तर पथकर किंवा बोटीचे भाडे आलेच. मुलगी मुंबईला शिकायला गेली, तर तिला भेटायला माणसांनी जायचे आहे. त्यासाठी मोटार बोटीत चढवायलाच हवी असे नाही.

आता मुख्य गोष्ट. हप्त्याची पाच वर्षे आणि मुलीच्या कॉलेजची वर्षे ही एकच आहेत. पदरचे दोन लाख गाडीत गेले, की फी भरायच्या दिवशी दुसरे कर्ज काढावे लागेल. आणि आपला किनारा कसा आहे, ते आपण पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्यावर आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरपासून मुरूड-अलिबागपर्यंत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळीचे नवे रोप लावले, तर सुपारी धरायला वर्षे लागतात. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात येतो. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती, पण व्याज चालूच राहिले होते. म्हणून नियम असा ठेवा : सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय नव्या हप्त्यावर सही करू नये.

विम्याचेही याच ओघात सांगतो. कायद्याने सक्तीचा असतो तो तिऱ्हाइताचा विमा. तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, तर भरपाई त्यातून होते. तुमच्याच गाडीवर माड पडला, तर त्यातून दमडी मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो. वादळाच्या किनाऱ्यावर हा फरक लक्षात असू द्या.

पुढेमागे जुनी गाडी घ्यायची झाली, तर दोन गोष्टी पाहा. पहिली गोष्ट गंज. समुद्राच्या वाऱ्यातले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि पत्रा आतून खाते. वरचा रंग चकचकीत असतो, खालचा सांगाडा मात्र पोखरलेला असतो. म्हणून गाडी उचलून, खालून उजेड पाडून बघा. चटया काढून तळाचा पत्रा बोटाने दाबून पाहा. गाडी आपली झाली, की तिचा तळ वरचेवर गोड्या पाण्याने धुवा. विहिरीचे पाणी मचूळ असेल, तर ते वापरू नका.

दुसरी गोष्ट कागद. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून नोंदणी नव्या नावावर करून घ्यावी. “करू सावकाश” असे म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते. स्कूटर विकून पैसे खर्चही झाले, आणि दोन वर्षांनी कोर्टाची नोटीस दारात, असे आपले होऊ नये. विम्यावरचे नावही बदलावे आणि जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहावी.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. सरळव्याजाचे गणित पुस्तकातून सोडवून झाले, की हेच पाच लाखांचे उदाहरण फळ्यावर मांडा. एका बाजूला सरसकट व्याज, दुसऱ्या बाजूला घटते. मुलांना पहिल्या बारा महिन्यांचे व्याज काढू द्या. मग घरी जाऊन त्यांनी तो कागद आईवडिलांना दाखवावा. कित्येक घरांत हा हिशेब पहिल्यांदा मुलाच्याच वहीत मांडला जाईल.

आणि आपल्या चौलच्या कुटुंबाने काय करावे? माझ्या मते त्यांनी स्कूटर दुरुस्त करावी, आजीसाठी ओळखीच्या माणसाची गाडी महिन्याच्या बोलीने ठरवावी, आणि उरलेले नऊ हजार दर महिन्याला पोस्टात टाकावे. तीन वर्षांनी पुन्हा एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावे. त्या वेळी आजीची प्रकृती कशी आहे, मुलीच्या फीचे किती उरले, वाडीने काय दिले, ते पाहून गाडी घेतली तर हरकत नाही. तेव्हा ती बहुतेक स्वतःच्या पैशांतून येईल, आणि निजताना हप्त्याची तारीख आठवणार नाही.