मिशीवर मिळालेली नोकरी

ज्याला मिशी नाही तो मनुष्य विश्वासाचा नव्हे, असे ज्या साहेबांचे ठाम मत आहे, त्यांच्या कचेरीत शिरकाव कसा करावा? हृषीकेश मुखर्जींच्या 'गोलमाल' (१९७९) या चित्रपटातला रामप्रसाद हिशेबात पक्का. पण भवानीशंकरांना हिशेब नको, संस्कार हवेत! खेळाचे वेड असलेली तरुण पिढी त्यांच्या डोळ्यांत सलते. तेव्हा हा पठ्ठ्या आखूड कुर्ता मागून आणतो, तेल चोपडतो आणि खेळ म्हणजे काय ते आपल्या गावीही नाही, असा चेहरा करतो. पुढे साहेब त्याला हॉकीच्या सामन्यात पाहतात. मग जन्माला येतो बिनमिशीचा जुळा भाऊ! अमोल पालेकरांनी हा रामप्रसाद इतका आपल्यातला केला आहे, की तो शेजारच्या बिऱ्हाडातला वाटावा. पालेकर स्वतः बँकेत नोकरीला होते. साहेब म्हणजे काय चीज असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसणार.

अमेरिकेतल्या साहेबांची तऱ्हाही निराळी नाही. 'हाऊ टू सक्सीड इन बिझनेस विदाउट रिअली ट्राइंग' ही १९६१ ची संगीतिका. १९६७ साली तिचा चित्रपट झाला. त्यातला फिंच खिडक्या पुसणारा. हातात यशाचे गुपित सांगणारे पुस्तक घेऊन तो बढत्या घेत थेट अध्यक्षपदी पोचतो. साहेब चोरून लोकरीचे विणकाम करतात असे कळताच हाही सुया हाती घेतो! साहेबांचे कॉलेज तेच आपले कॉलेज, असे बेधडक सांगतो. एकूण काय, साहेबाला कारकुनात आपलेच तोंड पाहायचे असते. मात्र फिंचला खुर्ची हवी आहे, रामप्रसादला फक्त महिन्याचा पगार. म्हणून फिंचच्या चलाखीला आपण टाळी देतो, आणि रामप्रसादची मात्र काळजी वाटते.

गेल्या दिवाळीत किल्लारीला घरी 'गोलमाल' लागला होता. मुलाखतीचा प्रसंग आला आणि सारे घर हसू लागले. आई म्हणाली, "समदी हसलालेत, तूच का गप बसलास रे?"

वाचकहो, त्याचे कारण असे. वीसएक वर्षांपूर्वी एका कॉलेजात मी मराठीच्या अध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. केशवसुतांवर उत्तरे पाठ होती. पण अर्जावरचे गाव वाचून अध्यक्षांनी चष्मा काढला. "किल्लारीचे का? म्हणजे त्या रात्री तुम्ही..."

ती रात्र म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची. गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना धरणी हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसे गेली. मी तेव्हा चौदा वर्षांचा. आणि त्या रात्री लातूरला मामाकडे सुखरूप होतो. ढिगाऱ्याखाली होती ती आई.

हे सांगायला एक वाक्य पुरे होते. मी म्हणालो, "होय सर. दोन तास ढिगाऱ्याखाली होतो." आईकडून ऐकलेले सारे, तोंडात गेलेली माती, वरून येणाऱ्या हाका, मी माझ्या नावावर सांगितले. खोलीत कोणी बोलेना. केशवसुतांबद्दल कोणी विचारलेच नाही. नेमणुकीचे पत्र आठवड्यात आले.

रामप्रसादची लबाडी अखेर उघडी पडते आणि सारे गोड होते. शेवटी तर भवानीशंकरच मिशी उतरवून फोटोला उभे राहतात. माझा जुळा भाऊ मात्र दर महिन्याला पगार उचलतो आहे. दर ३० सप्टेंबरला स्टाफरूममध्ये कोणीतरी हलकेच माझ्या खांद्यावर हात ठेवते, आणि मी मान खाली घालतो.

त्या रात्री चित्रपट संपल्यावर मुले झोपली आणि मी आईला सारे सांगून टाकले. ती बराच वेळ पणत्यांतल्या वाती सारखी करत राहिली. मग म्हणाली,

"दोन तास न्हवं रे. चांगलं उजाडेपर्यंत होते मी."