माहिती चौकट : ब्रिटिश घराण्याच्या बस

• बेडफर्ड : व्हॉक्सहॉल कंपनीची ट्रक-बसची छाप, सुरुवात १९३१. एसटीची पहिली बस हीच. १ जून १९४८, पुणे-अहमदनगर.

• लेलँड : मद्रासच्या अशोक मोटर्सचा लेलँडशी करार झाला, १९५५पासून नाव 'अशोक लेलँड'. 'टायटन' हे डबल-डेकरचे मूळ ब्रिटिश नाव १९२७चे, भारतीय टायटन १९६७ची.

• मुंबई : पहिली मोटारबस १५ जुलै १९२६, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. डबल-डेकर १९३७पासून. डिझेलवरची शेवटची १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त.

• चासी आणि बॉडी : चासी म्हणजे इंजिन, चाके व सांगाडा. बॉडी बहुधा दुसरीकडे बांधतात. एसटीची स्वतःची कार्यशाळा पुण्यात दापोडीला. म्हणून एकाच चासीच्या दोन बस वेगळ्या दिसू शकतात.

• हाफ-कॅब : इंजिन पुढे, त्याच्या शेजारी चालकाची एकट्याची अरुंद केबिन. प्रवाशांकडून आत जायला वाट नाही.

• घंटी : छतालगतची दोरी. एक टोला : थांबा. दोन टोले, म्हणजेच 'डबल बेल' : चला.

• भिवंडीकरांसाठी : भिवंडी आगार एसटीच्या ठाणे विभागात. जुन्या बसच्या प्रतिकृती पाहायच्या तर बेस्टचे संग्रहालय, आणिक आगार, मुंबई.