दगडावरचं नाव

मागच्या हिवाळ्यात आमच्या वर्सोव्याच्या साक्षरता वर्गातल्या बायकांना घेऊन मी कान्हेरीला गेले. मेट्रोने अंधेरी, लोकलने बोरिवली आणि पुढे राष्ट्रीय उद्यानाची बस. डबे, पाण्याच्या बाटल्या, चेष्टामस्करी, सगळं साग्रसंगीत!

मोठा चैत्य पाहून झाल्यावर ८७ क्रमांकाच्या गुंफेकडे गेलो. पाहायला काय, तर विटांच्या स्तूपांचे उरलेसुरले चौथरे. पण या इथल्या भिक्षूंच्या समाध्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी इथले स्मृतिलेख वाचले आणि त्या भिक्षूंना त्यांची नावं परत मिळाली.

"वाचले म्हणजे? अक्षरं तर होतीच ना?" एकीने विचारलं.

अक्षरं होती, पण शेकडो वर्षं ब्राह्मी वाचणारंच कुणी उरलं नव्हतं. कोलकात्याच्या टांकसाळीत नोकरीला असलेल्या जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली सांचीचे छोटे छोटे लेख पाहिले. बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी! देवळाच्या पायरीवर आपण काय कोरतो? अमक्याचं दान. तसंच ते 'दानं' निघालं, आणि त्याआधीचं 'स' म्हणजे आपलं 'चा-ची-चं'. एवढ्याशा किल्लीने केवढं कुलूप उघडलं!

भाज्याच्या स्तूपांवर 'थेरानं' असा शब्द आहे. थेर म्हणजे वडीलधारे भिक्षू. माणूस एकच, शब्द मात्र अनेकवचनी. आपण 'आजोबांचा' म्हणतो ना, अगदी तसंच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

हे सगळं मी उत्साहाने सांगत होते. मागे उभ्या असलेल्या आमच्या सत्तरीच्या ख्रिस्ती कोळी मावशी हळूच म्हणाल्या, "बाय, आमच्या म्हाताऱ्याच्या दगडावर पन मराठीत नाव हाय. पन कुठला दगड त्याचा, ते नातीला विचारावं लागतं."

मी गप्पच झाले. वर्षभर मी त्यांना 'कमळ' आणि 'गवत' गिरवायला लावत होते! त्यांना काय वाचायचंय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी फळ्यावर मावशींच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. 'र' आणि 'स' मध्ये त्यांचा फार घोटाळा व्हायचा. पावसाळा संपेपर्यंत जमलं.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्यांनी नातीला दफनभूमीच्या फाटकापाशीच थांबवलं आणि फुलं घेऊन एकट्या आत गेल्या. यायला बराच वेळ लागला. वाटेतल्या सगळ्या दगडांवरची नावं वाचत बसल्या होत्या म्हणे.